नाव कुणाचं लिहू?

2023 साली 11 जूनला आळंदीत माउलींच्या पालखीचं प्रस्थान झालं, तेव्हा आमच्या रानात अजून पेरणीची कुरी फिरली नव्हती. मृग निघून चार दिवस झाले होते आणि आभाळ स्वच्छ. वाठार स्टेशनवर गाडीत बसतानाच शेजारच्या काकू म्हणाल्या, "पेर टाकून निघालीस? अण्णा कधी असे गेले नसते." या एका वाक्यानं पुण्यापर्यंत माझी पाठ सोडली नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सातारा जिल्ह्यात, उत्तर कोरेगावात आमचं सहा एकर रान आहे. घेवडा, बाजरी, रब्बीला शाळू. पाणी असेल तर विहिरीकडं बटाटा. 1973 ते 2019 या सत्तेचाळीस वर्षांत अण्णांच्या दोनच वाऱ्या चुकल्या. एकदा आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पाय मोडला होता तेव्हा आणि एकदा धाकट्या भावाच्या दुखण्यात. 2020 आणि 2021 ला पादुका एसटीनं गेल्या. 2022 ला वारी पुन्हा पायी सुरू झाली, पण अण्णांच्या अंगात बळ उरलं नव्हतं. जीपमधून लोणंदला नेलं, रस्त्याकडेला खुर्चीवर बसवलं. दिंडी समोर आली तसे खुर्ची सोडून उभे राहिले आणि शेवटची पताका दिसेनाशी होईपर्यंत खाली बसले नाहीत. त्याच कार्तिकात गेले. एक्याऐंशी वर्षांचे होते.

त्यांच्यामागं घरातून कुणी चालायचं, हे ठरवायला बैठक वगैरे बसली नाही. ह्यांना गुडघ्याचा त्रास, दिरांना कारखान्यात रजा नाही. मी म्हटलं, मी जाते. आत्या म्हणाल्या, "जा." एवढंच.

वाठारहून पुण्याला जाणाऱ्या गाडीतून लोणंद, नीरा, वाल्हे, जेजुरी दिसत जातात. जाताना काही तासांची ही वाट पालखीबरोबर परत येताना आठवडा घेते. अण्णा खिडकीशी बसून ही गावं उलटी मोजायचे म्हणे. मीही मोजली.

आमची दिंडी रथामागची. पहाटे तीनला उठायचं, टँकरच्या पाण्यानं आंघोळ, काकडा, मग राहुट्या गुंडाळून ट्रकमध्ये टाकायच्या आणि रांगेत उभं राहायचं. पुढं पताका, मग टाळकरी, पखवाज, विणेकरी आणि त्यामागं आम्ही बाया. माझ्या डोक्यावर तुळस होती. पहिल्या दिवशी मान आखडली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं चुंबळ सोडून पुन्हा वळून दिली, तेव्हा कुठं तुळस डोक्यावर नीट बसली.

दिवे घाट आम्ही एकादशीला चढलो. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात उपवास आणि त्या साली पावसाचा टिपूस नाही. खालून तापलेलं डांबर, वरून ऊन. रथाला बैलांच्या जादा जोड्या लावलेल्या. एका वळणावर विसाव्याला टेकलो, तर दिंडीतले विणेकरी बाबा शेजारी येऊन बसले. अण्णांच्या रांगेत तीस वर्षं चाललेला माणूस. मी सहज बोलून गेले, "बाबा, रान तसंच पडलंय हो. अण्णा असते तर पेरून मगच निघाले असते."

बाबा माझ्याकडं बघतच राहिले. "कुणी सांगितलं तुला? पालखी काय पावसासाठी थांबती व्हय? तिथीवर चालती ती. निम्म्या सालांना न पेरताच आलाय तो. चालता चालता आभाळाकडं बघायचा आन म्हणायचा, आज तिनं पेरायची घात साधली असंल."

मग मी मनातल्या मनात हिशोब मांडला. तिथी दर वर्षी अकरा दिवस अलीकडं सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा उशिरावर जाते. आदल्या वर्षी प्रस्थान 21 जूनला होतं, या वर्षी 11 ला. म्हणजे दर तीन वर्षांत एखादं साल तरी असं येणार की मृगाचा पाऊस अंगावर घ्यायला अण्णा घरी नाहीत. पंधरा-सोळा साल तरी धरा. घरात मी लग्न होऊन आल्यापासून एकच ऐकत होते, की अण्णांनी पेर झाल्याशिवाय वारीला पाऊल टाकलं नाही. सगळे पुरुष हे सांगायचे, आत्यांच्या समोरच. आणि आत्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

त्यानंतरचं सासवड, जेजुरी, वाल्हे मला फारसं आठवत नाही. पायाला फोड आले, ते फुटले, त्यावर कुणा अनोळखी पोरानं दवाखान्याच्या तंबूत पट्टी बांधली आणि वाकून माझ्याच पाया पडला. संध्याकाळची समाज आरती मात्र आठवते. हजारो माणसं, टाळांचा कल्लोळ, आणि चोपदारांनी चोप उंच केला की क्षणात चिडीचूप. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाचा टाळ, कुणाची पिशवी, कुणाची म्हातारी आई. अण्णा घरी जेवताना आवाज चढला की हात असाच वर करायचे. तो हात कुठून आला होता, ते मला इथं कळलं.

नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान झालं आणि पालखी आमच्या जिल्ह्यात शिरली. लोणंदला आत्या आल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नातवाच्या मोटारसायकलवर, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं. सगळ्या रांगेला पुरेल एवढं. दिंडीतली म्हातारी माणसं त्यांना बघून उठून उभी राहिली. मला वाटलं, अण्णांची बायको म्हणून. तसं नव्हतं. त्या दर साली येत होत्या. पालखी लोणंदला आली की रात्री भाकरी थापायच्या, सकाळी मिळेल त्या गाडीनं इथं यायचं, रांगेला वाढायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी, कारण जनावरांची धार कुणी काढायची?

झाडाखाली बसून मी विचारलं, "आत्या, अण्णा लवकर निघायचे त्या साली पेर कोण करायचं?"

"मग काय बैल आपले आपण पेरत्यात?" त्या हसल्या. "एक गडी सांगायचा कुरी हाकायला. चाड्यावर मूठ माझी."

चाडं म्हणजे कुरीवर बी सोडायची वाटी. आमच्या भागात तेव्हा चाड्यावर मूठ गडीमाणसानं धरायची, बाईनं नाही, असं मानत. 1973 च्या आधीच्या दुष्काळात आत्या आणि अण्णा दोघंही पाझर तलावाच्या कामावर होते. खडी फोडायची, सुकडी खायची, मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, लाल भाकरी करायच्या. त्या वर्षानंतर पहिला पाऊस झाला आणि अण्णा म्हणाले, मला पंढरीला जाऊन यायचंय. त्यांनीच जायच्या आधी कोरड्या रानात आत्यांना शिकवलं होतं. मूठ आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. बैलाच्या पावलाला बोटं सुटली पाहिजेत. मलाही लग्नानंतर असंच शिकवलं होतं, तेव्हा वाटलं होतं की हे माझ्यापासून सुरू झालं.

"मग तुम्ही बोलला का नाही कधी? सगळे म्हणतात, अण्णा पेरून जायचे."

"त्यास्नी ठावं होतं की." एवढं बोलून त्या गाठोड्याचं फडकं झटकायला लागल्या.

त्यांना ठाऊक होतं, हे खरं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करायची, हाक दिली, तेव्हा, 1990 च्या सुमारास, लाल बिल्ला छातीला लावून अण्णा तलाठ्याकडं गेले आणि विहिरीकडचं दीड एकर आत्यांच्या नावावर केलं. सहा एकरांतलं सगळ्यात चांगलं. भावकीनं नावं ठेवली. अण्णा म्हणाले, "पंढरपुरात रखुमाईचा गाभारासुद्धा वेगळा हाय. तिचा सातबारा का नसावा?" ही गोष्ट आम्ही कौतुकानं सांगतो. पण ते दीड एकर कशाबद्दल होतं, हे मला लोणंदला समजलं.

मी अण्णांवर जीव टाकला. माझे वडील लवकर गेले, हा माणूस मला वडिलांच्या जागी होता. पहिल्या बाळंतपणानंतर मी रानात गेले तर बांधावर बसून पोरगी सांभाळणारा सासरा आमच्या गावात दुसरा नव्हता. म्हणूनच हे लिहायला मला जड जातंय. पंचेचाळीस वाऱ्या केलेल्या माणसानं एकदा तरी म्हणायला हवं होतं, की यंदा मी गुरं बघतो, तू जा. ते ते बोलले नाहीत. जमीन दिली, पण वाट दिली नाही.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अश्व दोन रांगांमधून दौडत गेला आणि माणसं टापांखालच्या मातीसाठी वाकली. अण्णा ती माती धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे आणि बियाण्याच्या पोत्यात टाकायचे. मी पदराच्या टोकाला बांधली. तिथून तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. रोज रात्री घरी फोन करायचे. हे एकच शब्द बोलायचे, "कोरडं."

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. त्या रात्री राहुटीत कंदील लावून विणेकरी बाबा पुढच्या सालच्या भिशीची, म्हणजे दिंडीच्या वर्गणीची, वही घेऊन बसले. नावं लिहून घेत होते. पान उलटलं तर अण्णांचं नाव दिसलं, त्यापुढं साल, पुन्हा साल, पुन्हा साल. शेवटच्या दोन रकान्यांत नुसत्या रेघा.

"यांच्या जागी तुझं लिहू?" बाबांनी विचारलं.

"माझं खाली लिहा. वरती आत्यांचं."

"म्हातारी आळंदीपास्नं चालंल?"

"वाखरीपासून चालतील. शेवटचा टप्पा लहान आहे."

बाबांनी पेन थांबवलं. "नाव काय तिचं? इतकी साल भाकरी खाल्ली, नाव म्हाईत न्हाई बघ."

मी सांगितलं, सातबाऱ्यावर आहे तसं, पूर्ण. त्यांनी ते सावकाश लिहिलं, आणि वही कंदिलाजवळ नेऊन नीट आलंय का ते बघितलं.