कॉट केवढी करायची?

पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरकर फूट-इंचात बोलतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 वर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 'रात्रीत किती इंच चढलं?' हा चहाच्या आधीचा प्रश्न. पण हाच माणूस पलंग घ्यायला बाहेर पडला की सगळी मापं दुकानाच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवतो आणि आत जाऊन दोन्ही हात पसरून म्हणतो, "जरा ऐसपैस दाखवा." दुकानदार साडेसहा बाय सहाचा किंग साइज दाखवतो. शोरूमच्या त्या मैदानात तो दिसतो एवढासा. घरी आणून जोडला की मग लक्षात येतं, खिडकी लावायला गादीवरून चालत जावं लागणार.

राजारामपुरीत माझी एक मावशी असते. तिचा पलंग एका अंगानं भिंतीला चिकटलेला. मावशी भिंतीकडं, काका मोकळ्या बाजूला. रात्री मावशीला उठायचं झालं की आधी काका उठतात, आणि काका एकदा उठले की त्यांना चहा लागतो. पलंग मात्र देखणा आहे, आल्यागेल्याला दाखवतात.

सध्या आमच्या घरी हाच विषय चालू आहे. लग्नात माहेरहून लोखंडी कपाटाबरोबर दोन सिंगल कॉट आल्या होत्या. तीन-तीन फुटांच्या दोन जोडल्या की सहा बाय सहा. फक्त मधे फट. त्या फटीनं आमच्या संसारातलं काय काय गिळलं! चष्मे, थर्मामीटर, रिमोट, एकदा तर दुधाची कुपनं. लेक लहान असताना हटकून तिथंच झोपायचा, दोन्ही गाद्यांच्या काठांमधे रुतून. आता तो सहा फुटांना टेकलाय, त्यातली एक कॉट त्याच्या खोलीत गेली आणि आम्हाला नवीन करायची वेळ आली.

खोली दहा बाय अकरा. कळंबा रोडच्या फ्लॅटला याहून मोठी कुठून असणार! यांचं म्हणणं, सहा फुटी करू. माझं, पाच पुरे. यांची बाजू अगदीच लंगडी नाही, हे मान्य करायला हवं. पाच फुटात दोघं झोपली की वाट्याला अडीच-अडीच फूट येतात, आणि साध्या हॉस्टेलच्या कॉटवरसुद्धा माणसाला तीन फूट मिळतात. "म्हणजे मी हॉस्टेलपेक्षा वाईट झोपायचं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरात लहान मूल असेल आणि ते मधे येऊन आडवं पडत असेल तर सहा फूट हवेतच. आमचं मूल आता बोलावलं तरी आमच्या खोलीत येत नाही.

मिस्त्री आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "वहिनी, माप आतलं सांगताय का बाहेरचं?" मला वाटतं, पलंगाच्या बाबतीत एवढा एक प्रश्न जरी वेळेवर विचारला गेला तरी निम्मी घरं सुखी होतील. आपण म्हणतो साडेसहा बाय पाच. ते असतं गादीचं माप. लांबी 72, 75 किंवा 78 इंच आणि रुंदी 60 किंवा 72, ह्याच गाद्या दुकानात तयार मिळतात. पलंग आधी मनानं करून ठेवला तर पुढं गादी ऑर्डर देऊन करून घ्यावी लागते आणि चादरी शोधत महाद्वार रोड पालथा घालावा लागतो. म्हणून गादी आधी ठरवायची. तिच्याभोवती चादर खोचायला बोटभर जागा, मग फळीची जाडी, डोक्याकडची पाटी. असं करत साठ इंचांची गादी बाहेरून चौसष्ट इंच होते. सहा फुटीचे सहा फूट चार इंच.

दहा फुटांतून सहा फूट चार इंच गेले की उरतात तीन फूट आठ इंच, म्हणजे दोन्हीकडं एक फूट दहा इंच. पाच फुटी केली तर दोन फूट चार इंच. कागदावर फरक सहा इंचांचाच. हे म्हणाले, "सहा इंचांनी काय होतंय?"

त्यावर मी शब्दानं काही बोलले नाही. रांगोळीचा डबा आणला आणि जुनी कॉट बाहेर काढून फरशीवर दोन चौकोन काढले: सहा फुटीचा पांढऱ्या रांगोळीनं, त्याच्या आत पाच फुटीचा लाल. फरशीच्या सांध्यांमुळं रेघा सरळ आल्या. मग घरात सांगून टाकलं, दोन दिवस सगळ्यांनी नेहमीसारखं वागायचं, मात्र चौकोनात पाय टाकायचा नाही. आम्ही हॉलमधे गाद्या घालून झोपलो. यांनी खिडकीतून वर्तमानपत्रवाल्याला हाका मारल्या, लेकानं चार्जर शोधला, कामाच्या मावशींनी बादली घेऊन फरशी पुसली, अर्थात चौकोन सोडून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर खिडकीकडची पांढरी रेघ जागोजाग पुसलेली, कपाटाकडच्या कोपऱ्यात तर नावालाही उरली नव्हती. लाल रेघ जशीच्या तशी, फक्त एका ठिकाणी अंगठ्याचा ठसा. तो कुणाचा ते मी विचारलं नाही, पण आमच्या घरात तेवढा मोठा अंगठा एकाचाच आहे.

पलंग घेताना पलंगाकडं बघण्यात अर्थ नसतो, बघायचं असतं ते उरलेल्या जागेकडं, या मताची मी तेव्हापासून पक्की झाले. कपाटाचं दार दीड फूट उघडतं, उघडल्यावर समोर माणूस उभा राहायला हवा. ड्रॉवर पूर्ण ओढायचा तर पुढं त्याच्या लांबीएवढी जागा लागते, शिवाय ओढणाऱ्याचे गुडघे आहेतच. एक फूट दहा इंचांत कुठला ड्रॉवर आणि कुठले गुडघे!

मिस्त्रींचा हिशेब आणखी वेगळा. "प्लायची शीट येती आठ बाय चारची. पाच फुटीला मधनं दोन भाग करायचे, अडीच-अडीचचे. चारातनं अडीच गेले, दीड फुटाची पट्टी उरली, ती बॉक्सच्या बाजूला बसली. सहा फुटी केला की तीन जात्यात आन् हातात ऱ्हाती फुटाची पट्टी. बॉक्स उथळ तरी करा, न्हाईतर आणखी एक शीट फोडा." हे ऐकून मात्र हे एकदम पाच फुटीचे झाले. रांगोळीनं जे झालं नाही ते शीटच्या भावानं झालं.

लांबीवर वाद नव्हता. उंच माणसानं 72 इंची घेऊच नये. उशीत दोन-चार इंच जातात आणि पाय फळीला लागतात. 78 ठरली. चादरीचा मुद्दा मीच काढला. बाजारात डबलबेडची चादर नव्वद बाय शंभर इंचांची असते. सहा फुटी गादी, तीही सहा इंच जाडीची, एवढ्या चादरीत जेमतेम झाकते, खोचायला काही उरत नाही आणि सकाळी चादर मधोमध गोळा झालेली सापडते. तिला एकशे आठ इंची लागते. आमच्या कपाटातली चळत सगळी नव्वद बाय शंभरची.

डोकं उत्तरेला नको आणि पाय दक्षिणेला नकोत यात सासूबाईंनी एक भिंत बाद केली. बिल्डरनं स्विचबोर्ड नेमका त्याच भिंतीवर बसवलाय. पण वायर ओढून घेता येते, सासूबाईंना ओढून नेता येत नाही.

त्यांचा खरा आग्रह उंचीचा. आपल्याकडं कॉट काही फक्त झोपायला नसते. जवळची बाई आली की ती हॉलमधल्या सोफ्यावर बसत नाही, थेट आत येऊन कॉटवर टेकते, आणि मग ज्या गप्पा होतात त्या सोफ्यावर होत नाहीत. त्यामुळं बसल्यावर पाय फरशीला टेकले पाहिजेत. गादी धरून अठरा इंच, त्याहून वर गेलं की आमच्या सासूबाईंचे पाय लोंबकळतात. बॉक्स खोल हवा तर पलंग उंच होतो, गादी जाड हवी तर आणखी उंच.

बॉक्सबद्दल माझंही मन पूर्ण तयार नाही. त्याला कारण शाहूपुरीतली माझी नणंद. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात तिच्या तळमजल्यात पाणी शिरलं. पहिल्या वेळी नवाकोरा बॉक्स बेड होता, जमिनीला टेकलेला. तो उचलून कुठं नेणार? पाणी ओसरल्यावर बघितलं तर प्लाय फुगून पापुद्रे सुटलेले, ड्रॉवर जाम, आत हिवाळ्याची पांघरुणं. ती फेकून देताना रडली. बेडसाठी नव्हे, त्यात तिच्या आईनं शिवलेली वाकळ होती. त्यानंतर तिनं उद्यमनगरातून चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्डिंग करून आणला, उंच पायांचा. पाणी येतंय म्हटलं की पायांखाली विटा आणि कॉटवर घरातलं सगळं. दुसऱ्या पुरानंतर तिनं तो पाइपनं धुतला आणि रंग मारला, झालं. दिसायला दवाखान्यातल्या खाटेसारखा आहे, मी तोंडावर कधी म्हणत नाही.

आमच्याकडं तिसऱ्या मजल्यावर पंचगंगा येणार नाही. तरी खाली चार इंच मोकळे ठेवा, झाडू फिरला पाहिजे, असं मी मिस्त्रींना सांगितलंय. शिवाय जमिनीपर्यंत बंद बॉक्स असला की चादर घालताना पायाची बोटं फळीवर आपटतात, हा अनुभव ज्याला नाही त्यानं घरात कधी चादर घातलेली नाही, हे नक्की समजावं.

तर साडेसहा बाय पाच, आतलं माप. ड्रॉवर खिडकीच्या बाजूला. सनमायकाच्या रंगावर सासूबाई आणि हे एका बाजूला, मी आणि लेक दुसऱ्या. मिस्त्रींनी अॅडव्हान्स घेतला, टेप खिशात टाकली आणि म्हणाले, "गणपती झाले की लगेच येतो."

"कुठल्या वर्षीचे?" यांनी विचारलं.