ओढ्याचं पाणी, तीन गट आणि लॅबची ती खिडकी : माझा अनुभव

ओढ्याचं पाणी कशाने घाण होतंय ते तपासायला गट जमवणं अवघड असतं असं सगळे म्हणतात, आमचा एका बैठकीत जमला. वरच्या अंगाचे शेतकरी, खालच्या वस्तीतले आम्ही आणि शाळेतले दोन सर. वरचे म्हणायचे घाण तुमच्या शोषखड्ड्यांची, आम्ही म्हणायचो तुमच्या खताची, म्हणून ठरलं की सात जागांचे नमुने सगळ्यांनी मिळून घ्यायचे, म्हणजे आकडा आला की तो कुणाला नाकारता येणार नाही.

अडकलो ते पाणी तपासणाऱ्या लॅबच्या खिडकीवर, जिथे नमुने जमा करायचे.

पहिल्या फेरीत आमच्या एका काकांनी जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली ओढ्यात तीनदा खळबळून घेतली, तळाला पांढरी पावडर होती ती घाण समजून. ती पावडर मुद्दाम घातलेली असते, पाण्यात क्लोरीन असेल तर ते मारायला, नाहीतर बाटलीतले जंतू लॅबला पोचेपर्यंत मरतात! नायट्रेटची, म्हणजे खतातून पाण्यात उतरणाऱ्या क्षाराची, बाटली मात्र त्याच पाण्याने विसळायची असते, हे दोन नियम उलटे आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकीवर सगळे नमुने परत.

दुसऱ्या फेरीला उशीर. ई. कोलायचा, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा, नमुना बर्फात ठेवून सहा तासांत पोचला पाहिजे, आणि आम्ही लॅबच्या जवळच्या जागेपासून सुरुवात करून लांबच्या टोकाला गेलो, म्हणजे पहिलीच बाटली परत येईपर्यंत शिळी. लांबून सुरू करा, येताना जवळचे घ्या. एवढी साधी गोष्ट, पण कळली दोन आठवडे वाया गेल्यावर. खिडकीवरच्या माणसाने नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं, मला एवढा राग आला की बर्फाचा डबा तिथेच आपटावासा वाटला.

तिसऱ्या वेळी शुक्रवार होता. जंतू वाढवून मोजायला साधारण एक दिवस लागतो, शनिवारी मोजायला माणूस नाही, म्हणून घेत नाहीत. बोर्डावर कुठेही लिहिलेलं नाही!

शेवटी सर म्हणाले भांडून उपयोग नाही, लॅबवाल्यांनाच ओढ्यावर बोलवू. आले, दोन तास दाखवलं, प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली तोंडाशी थोडी रिकामी ठेवायची. त्यानंतर एकही नमुना परत आला नाही.

निकाल काय म्हणाल, तर दोघांचंही बरोबर निघालं. नायट्रेट वरच्या शेतांच्या खालच्या अंगाला वाढलेलं आणि ई. कोलाय आमच्याच गल्लीमागच्या जागेला सगळ्यात जास्त, मी तर बैठकीत खतावर सगळ्यात मोठ्याने बोललेलो. आता खत ओढ्यात उतरू नये म्हणून वरचे काठाला गवताचा पट्टा सोडतायत, आम्ही शोषखड्डे तपासतोय.

अरे हो, लेबलवर जेल पेनने लिहू नका. ओल्या हाताने वेळ पुसली जाते आणि मग परत तीच खिडकी. पेन्सिल न्या.