केटलची चाबी साहेबांपाशी

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला जायचं ठरलं तेव्हा घरातल्या बाकीच्यांना सावजीची स्वप्नं पडत होती आणि मला बाबांच्या जेवणाचं टेन्शन. माझ्या सासऱ्यांना अल्सरचा जुना त्रास. तिखट, तेलकट, मसालेदार सगळं बंद. ज्या गावात सकाळच्या पोह्यांवरसुद्धा तर्री ओततात, तिथे यांना फिक्कं वरण आणि मऊ भात हवा. नणंदेचं घर अजनीला, पण तिच्याकडे आधीच पाहुणे, म्हणून आम्ही रामदासपेठेत हॉटेल घेतलं. गाडी, रिक्षा, खोली, सगळं सुरळीत. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते गरम पाण्यावर.

माझा बेत अगदी साधा होता. रवा खमंग भाजून, त्याला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन डब्यात भरून नेला होता. शिवाय सातूचं पीठ, मेतकूट, तांदळाच्या कण्या, तुपाची छोटी बरणी आणि मोठ्या तोंडाचा थर्मास. यातल्या कशालाच शेगडी लागत नाही, लागलंच तर उकळतं पाणी. बुकिंग करताना फोनवर विचारलं होतं, "खोलीत केटल आहे ना?" "आहे ना मॅडम." खोलीत गेलो तर टेबलावर ट्रे होता, दोन कप होते, चहाच्या पिशव्या आणि साखरेच्या पुड्याही होत्या. केटल नव्हती. ट्रेवर तिच्या बुडाचा गोल डाग तेवढा होता.

रिसेप्शनला फोन केला. "पाठवतो ना मॅडम, पाच मिनिटांत." पाच मिनिटांचा तास झाला. पुन्हा फोन, तर ड्यूटी बदललेली, नव्या मुलाला पहिल्यापासून सगळं सांगा. मग हाउसकीपिंगचा पोरगा आला, मोठ्या उत्साहाने उशांचे अभ्रे बदलून गेला. शेवटी मीच खाली उतरले. तेव्हा कळलं की लोक केटलमध्ये मॅगी आणि अंडी शिजवून ती जाळतात, म्हणून सगळ्या केटल्या स्टोअरच्या कपाटात बंद आहेत आणि रजिस्टरवर सही केली की मिळतात. द्या म्हटलं रजिस्टर. खोलीचा नंबर, नाव, वेळ, 'वस्तू' या रकान्यात 'केटल', पुढे माझी सही. सही वाळते न वाळते तोच पोरगा म्हणाला, "पण चाबी साहेबांपाशी आहे."

"मग साहेबांना बोलवा."

"साहेब दिवाळीला गावी गेले ना मॅडम. भाऊबीज करूनच येतो म्हणाले."

म्हणजे हॉटेलची एक केटल माझ्या नावावर चढली होती आणि ती होती कुलपात! ती नोंद मी तिथल्या तिथे खोडायला लावली. तुम्हीही कुठल्या रजिस्टरवर सही कराल तर वस्तू हातात आल्यावरच करा. निघताना 'परत दिली नाही' म्हणून पैसे लावायला कोणी कमी करत नाही.

मग किचनमधून गरम पाणी मागवलं. किचन उघडतं साडेसातला, बाबांची गोळी असते सहाला आणि तिच्यानंतर अर्ध्या तासात पोटात काहीतरी लागतं. पहिल्या सकाळी सातूचं पीठ गूळ घालून दुधात कालवून दिलं, निभावलं. पुढे गरम पाण्याचा जग आला तो चार मजले चढून कोमट झालेला. रवा भिजला, पण फुगला नाही, आत कोरड्या गुठळ्या तशाच. दुपारी "वरण द्या, फोडणी नको" सांगितलं, तर दाल फ्राय आली, वर लाल तवंगासकट. "तडका कमीच टाकला मॅडम." बाबा एक शब्द बोलले नाहीत, वरचा तवंग चमच्याने बाजूला काढत बसले. ते बघून माझं डोकं फिरलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारीच बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले आणि केटल विकत घेतली. संध्याकाळी दुकानदार पूजेच्या गडबडीत असतात, कोणी नीट दाखवत नाही. घेताना बुडावरचं स्टिकर वाचा. पंधराशे वॅटची केटल साडेसहा अँपिअरच्या आसपास करंट ओढते आणि पलंगाशेजारचं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. मोठी घेतलीत तर सोळा अँपिअरचं सॉकेट शोधा. मी हजार वॅटच्या आतली लहानच घेतली.

खोका बघून रिसेप्शनवर "अलाऊड नाही मॅडम" झालंच. म्हटलं, चला वर, दाखवते. दारामागच्या पाटीवर इंडक्शन, हीटर आणि शेगडीला मनाई होती, केटलचं नाव नव्हतं. शिवाय तुमच्याच ट्रेवर केटलची जागा आहे. गप्प बसला. हा विजय मी अजून सगळ्यांना सांगते.

पण त्यांच्या भीतीतही तथ्य आहे. केटलमध्ये पाण्याशिवाय काही घालू नका. आतली वाफ खटक्यापर्यंत पोहोचली की ती आपोआप बंद होते, झाकण उघडं ठेवलं तर होत नाही. दूध उतू जातं, भात तळाला चिकटून करपतो.

त्यानंतर आमचं जेवण मार्गी लागलं. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून गरम करायचा, मग भिजवलेल्या कण्या आणि खळखळतं पाणी घालून घट्ट बंद करून ठेवायचं. सकाळी भरला की रामटेकहून परत येईपर्यंत मऊ भात तयार. त्यावर तूप, मेतकूट, मीठ. बाबांनी पुन्हा वाढून घेतला. उपम्याला पाणी घातल्यावर झाकण ठेवून सात-आठ मिनिटं हात लावायचा नाही. उरलेला भात रात्रीसाठी ठेवू नका. खोलीतला तो इवलासा फ्रिज पाण्याची बाटली गार करण्यापुरताच.

दही-दूध आदल्या दिवशीच आणून ठेवा हे राहिलं सांगायचं. पाडव्याला बाजार उशिरा उघडतो आणि खानावळींची पोरं गावी गेलेली असतात. फळांची मात्र चंगळ होती. आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर आली होती, जराशी आंबट. बाबांना चालत नाहीत, पोरांनी फडशा पाडला. आणि हो, घरून एक सुती पंचा न्या. टेबलावर पसरला की सांडलवंड त्याच्यावरच होते, नाहीतर हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलवरचा तुपाचा डाग बिलात दिसतो.

बिलावरून आठवलं. निघताना प्रत्येक जगासाठी 'हॉट वॉटर' अशी वेगळी ओळ लावली होती. मी बुकिंगचं पान काढून त्यातल्या 'खोलीत चहा-कॉफीची सोय' या ओळीवर बोट ठेवलं. ती सोय कुलपात होती, मग पाण्याचे पैसे कसले? त्याने कोणाला तरी फोन लावला, बराच वेळ नुसतं "हो साहेब, हो साहेब" केलं आणि पेनाने सगळ्या ओळी खोडल्या. मी नवीन बिल छापून घेतलं.