पायथा नसलेला किल्ला: वसई

किल्ला म्हटलं की आपल्याला पायथ्याचं गाव आणि चढणीची वाट लागते. वसईत दोन्ही नाही. किल्लाबंदरच्या कोळीवाड्याचा रस्ताच किल्ल्यातून जातो. रिक्षावाला "आला किल्ला, उतरा" म्हणाला, तरी आम्ही दोन मिनिटं किल्ला शोधत होतो!

दादरहून निघायला उशीर केला, आत पोचायला अकरा वाजले. उन्हानं जीव काढला. दुसरी चूक म्हणजे हाताशी ठेवलेला दीड तास. ही तटाआडची अख्खी नगरी आहे, चर्चं, मठ, वाडे सगळं असलेली. निदान चार तास ठेवा.

1534 च्या तहात गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, आणि तिच्यासोबत मुंबईची बेटंही. पुढची दोनशे वर्षं उत्तर फिरंगाणाचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा, कारभार इथूनच चालला. आज मुंबईकर वसईला 'लांब' म्हणतात, तेव्हा मुंबईच आडबाजूला होती.

सगळ्यात जास्त रेंगाळलो ते फ्रान्सिस्कन चर्चमध्ये. मुख्य छप्पर केव्हाच गेलंय, कमानी उभ्या आहेत. चालता चालता पायाखाली अक्षरं दिसली, तेव्हा कळलं की ही फरशी नव्हे, थडग्यांचे दगड आहेत. पोर्तुगीज नावं, काहींवर घराण्याची चिन्हं. आम्ही गुपचूप कडेकडेनं चालू लागलो. त्यातल्याच एका दगडावर कुणीतरी चिप्सचं पाकीट टाकलं होतं. ते उचललं, दुसरं काय करणार.

1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं तटाखाली सुरुंग पेरून मे महिन्यात किल्ला घेतला. इथल्या चर्चच्या घंटा मराठी देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेली घंटा पाहिली असेल, तर ती इथलीच. वज्रेश्वरीचं देऊळही याच मोहिमेतल्या नवसाचं.

आत माहितीफलक नावापुरते, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. पाणी भरपूर न्या. पावसाळ्यानंतर गवत माजतं, तेव्हा बूट हवेतच, चपला नकोत. पडक्या जिन्यांवर फोटोसाठी चढू नका. डिसेंबर-जानेवारी उत्तम. सागरी दरवाज्यापासून सुरुवात केलीत तर ऊन चढायच्या आत होड्या आणि वाळत घातलेली मासळी बघून होते.

स्टेशनच्या पश्चिमेहून बस मिळते, पण आम्ही रविवारी रिक्षाच केली. परतताना विरारहून येणारी गाडी भरूनच येते. वसईहूनच सुटणारी लोकल कधी आहे ते बघून ठेवा, बसायला मिळेल.