बाई, तुम्ही असले पिक्चर बघता?

शाळेतल्या सहकारी विचारतात, पालकसभेला आलेल्या आया विचारतात आणि सगळ्यात जास्त विचारते माझी वहिनी. गणित शिकवणारी, गुरुवार धरणारी बाई दरवर्षी तो मुखवटेवाल्याचा 'हॅलोविन' का बघत बसते? वर आणखी, भीती नाही वाटत का? वाटते की. न वाटायला काय झालं? जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेत, तिकीट काढून मौत का कुआँच्या कठड्यावर ओणवं होणाऱ्या माणसांनी हे विचारावं, याचीच मला गंमत वाटते.

इतकी वर्षं मी या प्रश्नाला माहिती देऊन वाटेला लावत आले. १९७८ चा पिक्चर, जेमतेम तीन लाख डॉलरच्या आसपास खर्च. गोष्ट इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, शूटिंग मात्र कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत; म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची. मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा स्वस्तातला रबरी चेहरा, पांढरा रंग दिलेला. संगीत दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचं स्वतःचं, पाच मात्रांचं. पाचाचा हा ठेका त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवलेला. आपला कान चारावर थांबायला तयार होतो, तोवर पाचवी मात्रा येऊन ठेपते. गणिताच्या बाईनं एवढं सांगितलं की लोक 'हो का' म्हणून गप्प बसतात.

यातलं काही खोटं नाही. पण मी पिक्चर यासाठी बघत नाही. पाच मात्रा मोजून कुणाच्या पोटात गोळा येत नसतो.

मी अकरावीत होते तेव्हा आम्ही अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत राहायचो. समोर सूत रंगवायचा कारखाना होता. त्याच्या आवारात बांबूंवर ओल्या लडी टांगलेल्या असत, लाल, निळ्या, खाली रंगाचं पाणी ठिबकत असे. त्या लड्यांच्या मागं एक माणूस उभा राहायला लागला. सायकल टेकवलेली, हात मोकळे. शिट्टी नाही, गाणं नाही, इशारा नाही. मी गच्चीत अभ्यासाला बसले की तो दिसायचा. वहीत बघून मान वर केली की नसायचा. ट्यूशनला निघाले की कोपऱ्यावर असायचा. आणि हे सगळं भर उन्हात, चार माणसांच्या वर्दळीत.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का? उभा राहू दे की." मैत्रीण म्हणाली, "मजा हाय बे तुझी." भाऊ बघून आला. तिथं कुणीच नव्हतं. तो आल्यावर घरात सगळे ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होते, ती मला त्या माणसापेक्षा जास्त लक्षात आहे.

एका संध्याकाळी लाईट गेली होती. ट्यूशनहून परतताना मागून सायकलचा आवाज आला. कुणी चालवत नव्हतं, हातात धरून आणत होतं. फ्रीव्हीलची ती टिकटिक. मी भरभर चालले की टिकटिकही भरभर. आमचं घर अजून दोन वळणं लांब होतं. वाटेत एका काकूंचं घर होतं. आमचं हळदीकुंकवाचं जाणं-येणं, त्यांच्या घरची शेंगाचटणी आमच्या डब्यात. मी कडी वाजवली. आत कंदील होता. खिडकीचा पडदा बोटभर सरकला, परत जागेवर आला आणि कंदिलाची वात खाली गेली. मी हाका मारत होते, त्यांना ओळखू येईल अशा आवाजात. दार उघडलं नाही.

तेवढ्यात लाईट आली. पलीकडचे माग एकदम सुरू झाले, खटाखट, खटाखट, आणि दारात बिडी ओढत उभे असलेले कामगार उजेडात दिसले. मागं वळून बघितलं तर गल्ली रिकामी.

दुसऱ्या दिवशी काकू आईला म्हणाल्या, "आमाला वाटलं पोरं खेळायलीत." आणि माझी ट्यूशन बंद झाली. कायमची. बारावीचं गणित मी घरी एकटीनं केलं. त्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. तो कोण होता, त्याला काय पाहिजे होतं, हे आजही माहीत नाही. कदाचित दुसऱ्याच कुणाची वाट बघत असेल. तसं मी स्वतःला कितीतरी वेळा समजावलंय.

पुढं काही वर्षांनी मैत्रिणीच्या भावाच्या सीडीवर मी 'हॅलोविन' बघितला. त्यातली शाळकरी नायिका लॉरी खिडकीतून खाली बघते तर वाळत घातलेल्या कपड्यांत तो मुखवटेवाला उभा. परत बघते तर नाही. रस्त्यात झुडपामागं दिसतो, मैत्रीण ॲनी जाऊन बघते, कुणी नाही. मग ती लॉरीलाच चिडवते की त्याला तुझ्याशी बोलायचंय. शेवटाकडे लॉरी जीव घेऊन धावते, शेजारचं दार बडवते. दिवा लागतो आणि विझतो. मैत्रिणीचा भाऊ हसत होता की रक्त कुठाय यात? खरंच, रक्त फारसं नाहीच. माझे हात मात्र गार पडले होते.

लॉरीला शेवटी दार कोण उघडतं? ती ज्याला सांभाळायला आलेली असते तो लहान टॉमी. त्याच रात्री आधी त्यानंच खिडकीतून बागुलबुवा बघितलेला असतो आणि लॉरीनंच त्याला समजावलेलं असतं की बाहेर कुणी नाही.

लोक म्हणतात, हा पिक्चर पोरींना शिक्षा करणारा आहे. ज्या मजा करतात त्या मरतात, पुस्तकात डोकं घालून बसणारी तेवढी जिवंत राहते. हे मला पूर्ण खोडता येत नाही. कार्पेंटरनं असा हेतू नव्हता असं सांगितलंय, आणि त्या पोरींच्या गप्पा डेब्रा हिल या बाईनं लिहिल्यात, म्हणून त्या खऱ्या वाटतात. तरी पडद्यावर मरतं कोण, ते दिसतंच. हे मला खुपतं, आणि तरी मी बघते. ज्यांना यात विसंगती वाटते त्यांना वाटू दे.

पण १९८१ च्या दुसऱ्या भागाचा राग मात्र जात नाही. त्यात लॉरी त्या मुखवटेवाल्याची बहीण निघते. नातं लागलं की बघणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो, म्हणजे असं होतं होय! पहिल्या भागात तो तिच्याच मागं का लागला, याला काही कारण नव्हतं. ती त्याच्या जुन्या घराच्या दारात किल्ली ठेवायला गेली आणि त्याच्या नजरेस पडली, बस.

परवा वहिनीला म्हटलं, एकदा बघ तरी, मग बोल. ती लसूण सोलत शेवटपर्यंत बसली. त्या शेजाऱ्यांचा दिवा विझला तिथं मी तिच्या तोंडाकडे बघत होते. संपल्यावर म्हणाली, "ताई, खरं सांगू? मीबी नसतं उघडलं. घरात लेकरं आसताना रात्रीचं कोण उघडतंय ओ?" तिला गल्लीतली ती गोष्ट माहीत आहे, भावानं सांगितलेली. मी म्हटलं, ओळखीच्या पोरीलाबी नाही? ती म्हणाली, आवाज काय, कुणीबी काढतंय. त्यावरून आमचं जे वाजलं, ते पंधरा ऑगस्टच्या जेवणापर्यंत चाललं, आणि भाऊ मधे पडला तर दोघींनी त्यालाच झापलं.