पावतीवरचा एक शब्द

गेल्या गुरुवारी मी एका पावतीवर एक शब्द लिहिला. लिहिला ते बरोबरच केलं, त्याबद्दल मनात शंका नाही. पण तो लिहू नका म्हणणाऱ्या बाई मला जे बोलल्या, ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

आमचं सराफीचं दुकान दापोलीत, आजोबांनी मांडलेलं. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू होते. बाहेरच्याला वाटतं, गिऱ्हाईक येतं, डाग म्हणजे दागिना पसंत करतं, पैसे देऊन जातं. इथे निम्मं गिऱ्हाईक पदराला मोड, म्हणजे मोडीत घालायचं जुनं सोनं, बांधून येतं: तुटकी कुडी, सासूची झिजलेली पाटली, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं. नवा डाग हातात दिला की आरशाकडे कुणी वळत नाही, आधी तळहातावर झोकून वजन घेतात. आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ह्याची मोड किती येईल?" म्हणजे पुढे विकायला काढला तर हाती किती पडतील. होडीचं इंजिन, पोराची फी, वादळानंतरची कौलं, सगळं ह्या मोडीतून उभं राहिलेलं मी बघितलं आहे. हिरा ह्या हिशेबात कधी बसलाच नाही. तरी आता साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी लागते. मोबाइलवर बघून लागते.

त्या दिवशी अंजर्ल्याच्या वहिनी आल्या होत्या. घरोबा दोन पिढ्यांचा. यजमानांची आंब्याची बाग आणि समुद्राकडेला नारळ-पोफळीची वाडी. सोबत मुलगा, जहाजावर इंजिनिअर, आणि होणारी सून. ती इथल्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत काम करते. अंगठी मुलाकडून जायची, खर्च एक लाखाच्या आत बसवायचा.

मखमलीवर मी दोन अंगठ्या ठेवल्या, दोन्ही अठरा कॅरेट सोन्याच्या, घाट जवळजवळ सारखा. एकीत 32 सेंटचा, म्हणजे 0.32 कॅरेट वजनाचा, खाणीतला हिरा. दुसरीत 1.02 कॅरेटचा, प्रयोगशाळेत वाढवलेला. तिपटीहून मोठा खडा, आणि अंगठी तरीही स्वस्त. मुलीने दोन्ही उचलून बघितल्या आणि विचारलं, "काका, ह्यातला फरक तुम्हाला डोळ्यांनी कळतो?"

नाही कळत. कुणालाच कळत नाही. मी नुसत्या डोळ्यांनी ओळखतो असं जो सराफ सांगेल, त्याच्याकडून हिरा घेऊ नये. पेनासारखा टेस्टर लावला, तो दोन्हीवर सारखाच वाजला. खड्यातून उष्णता किती झपाट्याने निघून जाते एवढंच तो बघतो, आणि कार्बन दोन्हीकडे तोच, रचना तीच. अमेरिकन डायमंडवर तो गप्प राहतो, मोइसनाइट नावाच्या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यावर फसतो. खाणीचा की लॅबचा, हे त्याच्या आवाक्यातलं काम नाही. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन अडकलेला असतो, लॅबच्या हिऱ्यात तो सहसा नसल्यासारखाच. मोठी यंत्रं हाच धागा धरतात. त्यातही खाणीतले शंभरात एक-दोन हिरे मुळात नायट्रोजन नसलेले निघतात, त्यांची पुढची तपासणी करावी लागते. आमच्यासारख्या दुकानाला ते यंत्र परवडत नाही, खडे मुंबईला धाडावे लागतात. मोठ्या खड्याचं ठीक आहे, त्याला सर्टिफिकेट असतं. जीव टांगणीला लागतो तो बारीक मालात. एक-दोन सेंटच्या खड्यांची पुडी येते, त्यात कुणी मूठभर लॅबचे मिसळले तर मला कळणार कधी? एका व्यापाऱ्याकडून असा माल आला होता. मी तपासून परत धाडला, तर उलट मलाच ऐकावं लागलं की एवढ्या बारीक खड्यांचं काय घेऊन बसता.

मुलीला मी ओळख दाखवली ती हिऱ्याच्या कमरेवरची. कंबर म्हणजे वरचा उतार आणि खालचा उतार जिथे मिळतात ती बारीक कड, गर्डल. खडा स्पिरिटने पुसला, दिव्याखाली आडवा धरला आणि भिंग डोळ्याला लावून अंगठी केसभर फिरवत गेलो. श्वास रोखावा लागतो, नाहीतर काचेवर वाफ धरते. आधी नुसती करडी रेघ दिसते. मग एका ठिकाणी ती रेघ फुटून अक्षरं होतात: लेझरने कोरलेलं 'लॅबग्रोन' आणि पुढे सर्टिफिकेटचा नंबर. भिंग तिच्या हातात दिलं. तिला दोन मिनिटं लागली, पण तिने नंबर स्वतः वाचला आणि सर्टिफिकेटशी ताडून बघितला. एवढ्या चिकाटीने बघणारं गिऱ्हाईक मला वर्षात एखादंच भेटतं.

हा हिरा होतो कसा, हेही तिने विचारलं. हिऱ्याची एक पातळ चकती घेतात, तिला सीड म्हणजे बीच म्हणतात. ती बंद पेटीत ठेवून मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हने तापवतात, आणि मिथेनमधला कार्बन थरावर थर त्या चकतीवर बसत जातो. काही आठवड्यांत हिरा तयार. ह्या पद्धतीला सीव्हीडी म्हणतात. दुसरी पद्धत प्रचंड दाब देऊन करायची. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 1954 मध्ये हिरा केला तो दाबाच्या रीतीने. खाणीतल्याला जमिनीखाली दीडशे किलोमीटरच्या आसपास अब्जावधी वर्षं लागलेली असतात. पैलू पाडायला दोन्ही जातात सुरतेलाच.

ती म्हणाली, "म्हणजे हे कलम झालं, काका. कलमाला कुणी खोटं झाड म्हणत नाही."

मला फार आवडलं ते. हापूसची अख्खी बाग कलमांचीच असते, बाठा रुजवून हापूस मिळत नाही. पण वहिनींनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "कलम पन्नास वर्षं उत्पन्न देतं बाळा. ह्याची मोड किती येईल ते विचार काकांना."

विचारायची गरज नव्हती, मी सांगितलंच. लॅबच्या खड्याची मोड आज धरूच नये. सोन्याची येईल, खड्याची नाही. त्याचा भाव दर वर्षी खाली आला आहे. 2018 मध्ये डी बिअर्ससारख्या खाणवाल्या कंपनीनेच लाइटबॉक्स नावाने लॅबचे हिरे काढले आणि कॅरेटला 800 डॉलर भाव लावला. 2025 मध्ये तो ब्रँड बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. मग वहिनींचा चेहरा जरा खुलला तेव्हा दुसरी बाजूही सांगणं भाग होतं. हा 32 सेंटचा खाणीतला खडा आज माझ्याकडून घेतलात आणि उद्या परत आणलात, तर बाजारात साधारण अर्ध्यावर समाधान मानावं लागेल. मोडीसाठी घ्यायचं असेल तर हिरा घेऊच नका, पाटल्या घ्या.

हे सांगणारे सराफ कमी आहेत. 'हिरा म्हणजे गुंतवणूक' असं सांगून एवढ्याशा खड्यांच्या अंगठ्या विकणं हे मला फसवणुकीच्या जवळचं वाटतं, मग खडा कितीही खरा असो.

वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते मला माहीत आहे, भाऊ." 3 जून 2020 ला निसर्ग वादळात त्यांची वाडी झोपली होती. माड, पोफळी, एक उभं नाही. पोफळ पुन्हा लावली तर फळाला यायला सहा-सात वर्षं. तेव्हा त्या आपली हिऱ्याची अंगठी घेऊन सोनेतारण कर्जाला गेल्या होत्या. तिथे खड्याचं वजन वजा केलं आणि नुसत्या सोन्यावर हिशेब केला. हिरा काट्यावर शून्य. नियमच तसा आहे, कर्ज सोन्यावर मिळतं. पण ज्या अंगठीसाठी नवऱ्याने एका हंगामाचे पैसे घातले, तिची किंमत खडा सोडून सांगितली जाते तेव्हा कसं वाटतं, ते त्यांच्या आवाजात होतं. सून बघत राहिली. मुलालाही हे ठाऊक नसावं, तो तेव्हा समुद्रावर होता.

"दे तिला आवडते ती," असं मुलाला सांगून त्यांनी विषय संपवला. लॅबची अंगठी ठरली. माप थोडं वाढवायचं होतं, कारागिराने तासाभरात करून दिलं. मी पावतीपुस्तक ओढलं. तेवढ्यात मुलं रस्त्यापलीकडे चहा घ्यायला गेली आणि वहिनी पुढे वाकून म्हणाल्या, "भाऊ, पावतीवर नुसतं हिरा लिहा. ते लॅब-बिब नको."

मी म्हटलं, वहिनी, तेवढं सांगू नका. खाणीच्या आणि लॅबच्या सुट्या खड्यांचे बिलावर घालायचे सरकारी कोडसुद्धा वेगळे आहेत, एक 7102 खाली येतो, दुसरा 7104 खाली. बिलावर नुसतं 'हिरा' म्हटलं की तो खाणीतला असंच कुणीही धरणार. उद्या तुमची नात ही अंगठी घेऊन दुसऱ्या सराफाकडे गेली तर तो कमरेवरची अक्षरं वाचेल, पावती वाचेल, आणि म्हणेल की दापोलीच्या माणसाने फसवलं. फसवलं गेल्याचं दुःख त्या पोरीला, आणि उत्तर द्यायला तेव्हा आपण दोघंही नसू.

त्या हलेनात. तेव्हा मी जे बोललो ते कदाचित बोलायला नको होतं. मी म्हणालो, "कर्नाटकच्या आंब्याच्या पेटीवर हापूसचं नाव घातलं की भाऊसाहेब किती चिडतात? आंबा गोड असतो ना तोही? पण पेटीवर त्याचं नाव हवं, हेच म्हणतात ना ते?" त्यांचे यजमान 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ह्याच एका गोष्टीसाठी बाजारात भांडत आले आहेत.

वहिनींनी माझ्याकडे सरळ बघितलं. "भाऊ, कर्नाटकच्या आंब्याला कुणी खोटा म्हणत नाही. ह्याला म्हणतात. आणि म्हणायला तुम्ही शिकवलंत. माझ्या पुतणीच्या लग्नाला ह्याच बाकावर बसून तुम्ही सांगितलंत, लॅबचा म्हणजे खोटा, घेऊ नका. आमच्या घरातल्या सगळ्या बायका होत्या तेव्हा. त्याच सगळ्या साखरपुड्याला येणार आहेत."

2019 च्या मे महिन्यातली ती खरेदी. मला आठवलं. वाक्य नेमकं आठवलं नाही, पण मी तसं म्हणालो असणार, कारण त्या काळात आम्ही सगळेच म्हणत होतो. व्यापारी सांगायचे, आम्ही पुढे सांगायचो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आदल्याच वर्षी हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द काढला होता, म्हणजे लॅबचाही हिराच. मला ते वाचून माहीत होतं. तरी खपायचा माल खाणीचा होता म्हणून मी 'खोटा' हा सोपा शब्द वापरला. पुढे 2023 मध्ये मोदींनी जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा लॅबचा हिरा भेट दिला आणि गिऱ्हाईक स्वतःहून मागायला लागलं, तेव्हा मीही तो काउंटरवर मांडला. पण आधी सांगितलेलं खोडायला कुणाच्या घरी गेलो नाही.

मी त्यांना म्हटलं, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, "मग आता नका लिहू." ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लिहिलं. 'प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, 1.02 कॅरेट', खाली सर्टिफिकेटचा नंबर, सोन्याचं वजन, घडणावळ, जीएसटी. सही केली आणि पावती त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी ती वाचली, चार घड्या घातल्या. मग अंगठीच्या डबीच्या झाकणात मी ठेवलेलं सर्टिफिकेटही काढून घेतलं आणि दोन्ही आपल्या पर्समध्ये आतल्या कप्प्यात टाकलं. मुलं चहा पिऊन आली तेव्हा डबीत फक्त अंगठी होती. मुलीने ती बोटात घालून आधी हात झोकून बघितला, वजनाला. मग हसली.

ते कागद त्यांचे, कुठे ठेवायचे ते त्यांनी ठरवावं. मुलीला सगळं माहीत आहे, तिने नंबर स्वतः वाचला आहे, तेव्हा लपवाछपवी तिच्यापासून नाही.

येत्या रविवारी अंजर्ल्याला साखरपुडा आहे. आमंत्रण दोघांना आहे, आणि बायको जायचंच म्हणते. पंगतीत मी सोनार म्हणून बसलेला असणार आणि त्यांच्या घरातल्या बायकांपैकी कुणीतरी अंगठी दाखवून विचारणारच, "भाऊ, खरा ना?" "हिरा आहे," एवढं मी नक्की सांगेन. पुढचं सांगणं माझं आहे की वहिनींचं, ते अजून ठरत नाही.