वाडीची वारी आणि आईची पिशवी

कोल्हापुरातनं नरसोबाची वाडी चालत म्हणजे ५० किलोमीटरच्या आसपास, आणि मी ते सगळं अंतर हातात निर्माल्याची पिशवी घेऊन चाललोय. माघ पौर्णिमेला आम्ही तिघं निघालो होतो, एक पेठेतला, एक बावड्याचा आणि मी. रात्री अडीचला पंचगंगा घाटावर जमायचं ठरलेलं. निघताना आई उठली, देवघरातली साठलेली हार-फुलं एका पिवळ्या कॅरीबॅगेत कोंबली आणि म्हणाली, "वाडीला जातोयस तर कृष्णामाईत सोडून ये, इथल्या नदीत नको, लई घाण झालीय." आता रात्री दोन वाजता आईशी वाद कोण घालतंय, घेतली पिशवी.

घाटावर पाण्याला पाय लावून दत्तगुरूंचं नाव घेतलं आणि सुटलो. बावड्याचा गडी म्हणजे राजाराम बंधाऱ्याच्या शेजारचाच, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, त्यामुळं त्याला नदी फुटातच कळते. जुलै उजाडला की ह्याचे सकाळ-संध्याकाळ मेसेज सुरू, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांची पंचगंगेशी ओळख एवढीच राहिलीय, पावसाळ्यात फूट आणि उन्हाळ्यात वास. हां, त्रिपुरारीला पहाटे घाटावर पणत्या लागतात तेव्हा फोटो काढायला सगळे हजर असतात. मी पण असतो.

शिरोली मागं पडली, हातकणंगल्यात मिसळ झाली. उसाचा सीझन जोरात, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून अंगावरनं जात होते, आणि प्रत्येक ट्रॅक्टरला आम्ही रस्ता सोडून मातीत उतरायचं, परत वर यायचं, ह्यातच अर्धा दम गेला. पेठेतला नवीन कोरं कोल्हापुरी पायताण घालून आलेला. नवं पायताण चावतंय हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला लागतंय म्हणजे काय बोलायचं! हातकणंगल्याच्या पुढं तो पायताण हातात घेऊन मोज्यांवर चालत होता, आणि वर मलाच म्हणतोय, "पिशवी टाक की मर्दा आता कुठंतरी, कोण बघतंय." टाकणार होतो हो मी, पण आई बघत नसली तरी आईच ती.

इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता आणि ऊन डोक्यावर. नदीपाशी आलो तर पाणी दिसेना, नुसतं हिरवंगार केंदाळ, म्हणजे जलपर्णी, लांबनं बघितलं तर वाटावं मळाच आहे. वास असा की तिघांनीही न बोलता रुमाल नाकाला लावला. ही तीच, जिच्यात पहाटे पाय लावून आलो होतो. त्यावर कोण काय बोललं नाही, पाय दुखत होते म्हणून असेल.

शिरढोणवरनं कुरुंदवाड, आणि कुरुंदवाडचा पूल ओलांडून वाडीत शिरलो तेव्हा साडेपाच-पावणेसहा झाले असतील. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि न दिसणारी सरस्वती अशा पाच मिळून आपली पंचगंगा, शाळेत घोकलेलं, पण ती संपते कुठं हे बघायला मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी आलो. संपते ती इथंच, कृष्णेत.

पेठेतला काशीला जाऊन आलेला. "इथं आरती कितीला असते, तिकडं कसं मोठमोठ्या दिव्यांची, माईकवर?" असं विचारत बसला. इथं घाटावर तसलं काय नव्हतं. पाच-सहा बायका होत्या, एकीनं खणा-नारळानं कृष्णामाईची ओटी भरली, दुसरीनं हळद-कुंकू वाहिलं, आणि एक आजी द्रोणात कणकेचा दिवा ठेवून काडी पेटवायला बघत होत्या आणि वारा काय पेटू देत नव्हता. बावड्याच्यानं दोन्ही हातांचा आडोसा केला, मी काडी ओढली, तिसऱ्या काडीला लागला एकदाचा. आजींनी तो पाण्यावर ठेवला, बोटांनी पाणी मागं सारून ढकलला आणि स्वतःशीच हळू आवाजात आरती म्हणायला लागल्या. आम्हाला शब्द येत नव्हते, नुसत्या टाळ्या वाजवल्या. समोर औरवाडच्या बाजूनं चंद्र वर आला होता, लालसर, आणि दिवा भोवऱ्यात दोनदा फिरून खाली निघून गेला.

मग आजींनी विचारलं, कुठली पोरं? म्हटलं कोल्हापूरची, चालत आलोय. "व्हय? मग तुमचंच पाणी की हे," म्हणाल्या अगदी साधेपणानं, पाहुण्याच्या गावाचं नाव काढावं तसं.

मी पिशवी पाठीमागं धरली.

धूपारतीला मंडपात उभं राहायला जागा मिळाली. आत मूर्ती नाही, दत्तगुरूंच्या मनोहर पादुका, आणि देवळाला शिखरही नाही. ते बांधकाम विजापूरच्या आदिलशहानं करून दिलं असं वाडीत सांगतात. पावसाळ्यात कृष्णा आत येते, पादुकांवरनं दक्षिण दारानं बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा, लोक त्या पाण्यात अंघोळीला धावतात. म्हणजे देवालाही आमचंच पाणी, हे माझ्या डोक्यातनं जाईना. मग पालखी निघाली, थांबत थांबत, पदं म्हणत, आणि टेंबे स्वामींची करुणात्रिपदी सुरू झाली तेव्हा पेठेतला, जो दिवसभर शिव्या देत चालला होता, तो डोळे मिटून उभा होता, हातात अजून पायताण. बाहेर ठेव म्हटलेलं, चोरीला जाईल म्हणून पिशवीत घालून आत आणलेलं. देव बघून घेईल त्याचं.

परत निघताना हार-फुलं घाटावरच्या निर्माल्यकुंडात ओतली आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली. कवठाची बर्फी आणि पेढे घेतले, दुकानदारानं पिशवी नाही म्हटल्यावर तीच काढून दिली आणि शेवटची एसटी पकडली.

आईनं दारातच विचारलं, सोडलंस का? म्हटलं, हो. तिनं बर्फीची पिशवी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली.

"निर्माल्याच्या पिशवीत प्रसाद आणलास व्हय रे मुडद्या?"